उन्हाळा दोन महिन्यांचा, खर्च बारा महिन्यांचा

या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतलेत. ना-नफा तत्त्वावर चालणारी मुलांची निवासी उन्हाळी शिबिरं, बाकीच्या ऋतूंत त्यांनी काय करावं, आणि पैसा कुठून आणावा. पत्रं लांबलचक होती म्हणून कापून घेतलीत, नावं कोणाचीच देत नाही कारण बहुतेकांनी कमिटीतल्या भांडणांसकट लिहिलंय.

प्रश्न : ताई, आमचं शिबिर दरवर्षी फुल्ल होतं, वेटिंग लिस्ट असते, तरी उन्हाळा संपून दोन महिने झाले की खात्यात खडखडाट. खजिनदार म्हणतात फी वाढवा, बाकीचे म्हणतात मग परिस्थिती नसलेली मुलं कुठे जातील. नेमकं चुकतंय काय?

आधी एक बघा, फी जमा कधी होते. नावनोंदणी शिबिराच्या चार-सहा महिने आधी सुरू होते, खातं एकदम गुबगुबीत दिसायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच मागची बिलं दारात उभी असतात, छप्पर गळतंय, विम्याचा हप्ता आलाय, जागा सांभाळणाऱ्या माणसाचा पगार थकलाय, मग कमिटीत कुणीतरी म्हणतं, आहेत ना पैसे, भागवून टाका. गडबड तिथे आहे. ते पैसे अजून तुमचे नाहीतच हो. ज्या मुलाची फी आलीये त्याला तुम्ही अजून एक दिवससुद्धा शिबिर दिलेलं नाही, उद्या पूर आला, साथ आली आणि शिबिर रद्द झालं तर ते परत द्यायचेत. हिशेबात आगाऊ फी ही देणी म्हणून धरतात, शिबिर पार पडलं की मग ती उत्पन्न होते. २०२० मध्ये कोविडमुळे जगभर निवासी शिबिरं रद्द करावी लागली तेव्हा ज्यांनी आगाऊ फी आधीच उडवली होती त्यांच्या रिफंड देता देता नाकी नऊ आले, बऱ्याच ठिकाणी पालकांना विनंती करावी लागली की फी पुढच्या वर्षाला वळती करू का, किंवा देणगी समजू का. पालक चांगले होते म्हणून निभावलं. तेव्हा पहिलं काम, आगाऊ फीसाठी वेगळं खातं काढा आणि शिबिराचा पहिला दिवस उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असा ठराव करून ठेवा, म्हणजे दरवेळी खजिनदाराला वाईटपणा घ्यायला नको.

आता दुसरं. एका मुलामागे खरा खर्च किती येतो हे तुम्ही पत्रात कुठेच लिहिलेलं नाही, आणि मला शंका आहे की तो काढलेलाच नाहीये. बहुतेक जण जेवण, बस, साहित्य आणि ताई-दादांचं मानधन एवढंच मोजतात. विमा, वीज, वर्षभराची देखभाल, ट्रेनिंगचा आठवडा, ऑफिसमधली एक व्यक्ती, गाद्या दर काही वर्षांनी बदलायच्या, हे सगळं बारा महिन्यांचं एकत्र करा आणि मुलांच्या संख्येने भागा. आलेला आकडा बघून घाबरायला होईल, होऊ दे. समजा खरा खर्च १०० आला आणि तुमची फी ६० आहे, तर प्रत्येक मुलामागे ४० ची देणगी लागते, आणि शिबिर जितकं मोठं कराल तितका खड्डाही मोठा. कुणी म्हणेल की रिकाम्या कॉटवर एक मूल वाढलं तर फक्त त्याच्या जेवणाचाच खर्च वाढतो. बरोबर आहे, पण तुमच्याकडे वेटिंग लिस्ट आहे, रिकामी कॉट आहेच कुठे?

आणि फीचं म्हणाल तर सगळ्यांना एकच फी असलीच पाहिजे असं कुणी सांगितलंय? अमेरिकेतली बरीच ना-नफा शिबिरं फॉर्मवर तीन आकडे छापतात, एक खरा खर्च, एक थोडी सवलत धरून, एक बरीच सवलत धरून, आणि कुटुंबाने आपला आपण निवडायचा, पुरावा मागत नाहीत, मुलाला मिळतं ते सगळ्यांना सारखंच. यात कुणी गैरफायदा घेईल का? एखादा घेईलही. पण ज्याला परवडतं त्याला खरा आकडा आजवर कुणी दाखवलेलाच नसतो, त्याला वाटत असतं की फीमध्ये सगळं भागतंय, आणि दिसल्यावर बरेच जण आपणहून वरचा आकडा भरतात. म्हणून म्हणते, वाढवायच्या आधी फी उघडी करा.

प्रश्न : उन्हाळ्यानंतर आमची जागा दहा महिने पडून असते. हिवाळी वीकएंड, फॅमिली कॅम्प, शाळांच्या सहली, लग्नाला भाड्याने देणं, सगळ्याच आयडिया आल्यात. कशाने पैसे मिळतील?

सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर टीम पुढच्या उन्हाळ्याआधीच गळून जाईल, आणि मुख्य शिबिरच ढेपाळलं तर बाकीच्याचं काय करणार.

पैशाच्या दृष्टीने सगळ्यात सरळ म्हणजे शाळांचे गट. ते आठवड्याच्या मधल्या दिवशी येतात जेव्हा दुसरं कुणीच येत नाही, सोबत शिक्षक असतात, पैसे शाळेकडून एकरकमी येतात आणि एकदा आलेली शाळा आवडलं तर दरवर्षी येते. पण त्यांना नुसता खेळ चालत नाही, झाडं, ओढा, नकाशा वाचणं, रात्रीचं आकाश असं काहीतरी शिकवणारं माणूस लागतं आणि ते कॉलेजला परत गेलेल्या उन्हाळी दादांमधून मिळत नाही, म्हणजे पगारी माणूस आला. तो खर्च धरून बघा मग ठरवा.

फॅमिली कॅम्पमध्ये फार सुटत नाही, मोठी माणसं जास्त खातात आणि बाथरूमबद्दल तक्रार पण जास्त करतात. तरी तो करावा असं माझं मत. जो बाप स्वतः त्या बंक बेडवर झोपला, ज्या आईने बघितलं की आपलं मूल इथे न सांगता ताट धुतंय, ते लोक पुढे देणगीदार होतात, कमिटीवर येतात, गळकं छप्पर बघून स्वतःच विचारतात की याचं काय करायचं. हे पत्रक वाटून होत नाही.

हिवाळा जपून. थंड प्रदेशात उन्हाळी केबिनच्या भिंती पातळ असतात, पाण्याचे पाईप गोठून फुटतात म्हणून हिवाळ्याआधी पाणी काढून लाईन बंदच करतात. हिवाळी वीकएंडची फी छान दिसते पण पाईप, हीटर, रस्त्यावरचा बर्फ हटवणं, यात ती सगळी जाते. एखादी मोठी पक्की इमारत आधीपासून गरम करता येत असेल तर तेवढ्यात बसेल इतकाच छोटा कार्यक्रम करा.

लग्नाला किंवा ऑफिसच्या सहलीला भाड्याने देणं, यात मेहनत सगळ्यात कमी आणि पैसा चटकन. अटी मात्र तीन पाळा. मुलं जागेवर असताना बाहेरचा गट नाही म्हणजे नाही, विमा त्यांचा वेगळा, आणि मोडतोडीचं डिपॉझिट आधी. आणि वर्षातले काही आठवडे जागा कुणालाच देऊ नका, पायवाटांवर गवत पुन्हा उगवायला वेळ लागतो, सांभाळणाऱ्या माणसालाही सुट्टी लागते.

वसंतातला श्रमदानाचा वीकएंड तुमच्या यादीत नाही ते बघून आश्चर्य वाटलं. त्यात उत्पन्न शून्य, पण रंग, कुंपण, होड्या, गाद्या उन्हात टाकणं असं कितीतरी काम फुकट होतं आणि पूर्वी शिबिराला आलेली, आता मोठी झालेली मंडळी त्या निमित्ताने परत येतात. त्यांचे फोन नंबर त्या दिवशी लिहून घ्या बाई, नंतर कुणी सापडत नाही.

तर माझा सल्ला, पहिल्या वर्षी दोनच गोष्टी धरा, एक पैशासाठी आणि एक माणसं जोडण्यासाठी, आणि कुठली कशासाठी आहे हे कमिटीत लेखी ठरवा, नाहीतर वर्षअखेरीला फॅमिली कॅम्पने कमावलं नाही म्हणून भांडण होणार.

प्रश्न : आम्ही ९ वर्षांपुढची मुलं घेतो. पालकांच्या आग्रहावरून ६ ते ८ ची एक बॅच वाढवावी म्हणतोय. फी तीच ठेवली तर चालेल ना?

नाही चालणार. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांप्रमाणे निवासी शिबिरात ६ ते ८ वयाच्या ६ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, ९ ते १४ ला ८ मुलांमागे एक. म्हणजे ४८ मुलांना आत्ता ६ ताई-दादा पुरत असतील तर लहानांच्या बॅचला ८ लागतील. शिवाय रात्री रडणारी, अंथरूण ओलं करणारी मुलं असणार म्हणून रात्रपाळी वेगळी. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील तर ते बघा, पण लहान मुलांची बॅच महागच पडते. आधी दिवसाची करून बघा, संध्याकाळी मुलं घरी.

प्रश्न : दरवर्षी आम्ही मोठा देणगी-कार्यक्रम करतो, हॉल, जेवण, लिलाव, पाहुणे. तीन महिने सगळे त्यातच. शेवटी म्हणतात की खूप जमले. मला मनातून पटत नाही पण बोलले तर खडूस ठरते.

ठरा खडूस. "खूप जमले" हा एकूण आकडा असतो, त्यातून हॉल, जेवण, छपाई, साऊंड वजा करा, आणि मग तुमच्या पगारी माणसांनी त्यावर घातलेले तास पण पैशात मोजून वजा करा, हे कुणीच करत नाही. उरेल तो आकडा शांतपणे कमिटीसमोर ठेवा. मग विचारा की हेच तीन महिने आपण मागच्या पाच वर्षांतल्या देणगीदारांना एकेक करून भेटलो असतो तर?

कार्यक्रम वाईटच असं नाही म्हणत मी. नवीन लोकांना शिबिराची ओळख व्हायला तो बरा असतो, पण मग त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवा, आणि तो शिबिराच्या जागेवरच करा की, हॉल कशाला हवा? मैदानात शेकोटी, जुन्या मुलांची गाणी, आलेल्यांना होडीतून एक चक्कर. खर्च निम्म्यावर येईल आणि बघणाऱ्याला कळेल तरी पैसे कशाला द्यायचेत.

कधी मागायचं हेही बघा. उत्तर गोलार्धात बऱ्याच संस्था डिसेंबरात वर्षअखेरीची देणगी मागतात, पण तोवर शिबिर संपून चार महिने झालेले असतात, आठवण थंड पडलेली. पालकांना आणि देणगीदारांना पहिलं पत्र शिबिर संपल्याबरोबर पाठवा, पैसे न मागता, नुसतं काय काय झालं ते, मुलं काय शिकली, काय फसलं तेसुद्धा. डिसेंबरचं पत्र मग त्याच्या आधाराने. दक्षिण गोलार्धातल्या शिबिरांचं उलटं, त्यांचा उन्हाळाच डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे मागायची वेळ आणि मुलं तळ्यात उतरायची वेळ एकच, तिथे मागायला माणूस वेगळा नेमल्याशिवाय होत नाही.

प्रश्न : एका कुटुंबाला मोठी रक्कम द्यायची आहे पण फक्त गिर्यारोहणाच्या भिंतीसाठी, वर नाव हवं. आमची स्वयंपाकघराची वायरिंग धोकादायक झालीये. घ्यावे का पैसे आणि आधी वायरिंग करून घ्यावी?

ते तर अजिबात नाही. ठरावीक कामासाठी दिलेले पैसे त्याच कामाला लावायचे, दुसरीकडे वळवायचे असतील तर देणाऱ्याची लेखी संमती हवी. हे फक्त सभ्यतेचं नाही, बहुतेक देशांत कायद्यानेही बांधलेलं असतं, आणि गावभर झालं तर पुढची दहा वर्षं कुणी देणार नाही.

पण हो म्हणायच्या आधी त्यांच्याशी बसून बोला. भिंत उभी राहिली की संपत नाही, दोर आणि हार्नेस ठरावीक काळाने बदलावे लागतात, दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी, ट्रेनिंग झालेलं माणूस, विमा वाढणार. हा सगळा पुढच्या काही वर्षांचा खर्च त्यांना दाखवा आणि सरळ म्हणा की भिंतीबरोबर तिच्या देखभालीचा निधी पण लागेल. आणि वायरिंग दाखवा, खरंच आत नेऊन दाखवा. देणाऱ्यांना भिंत सुचते कारण ती दिसते, वायरिंग कुणी त्यांना दाखवलेलीच नसते. "आपण दिलेल्या पैशाने मुलांचं जेवण सुरक्षित शिजतं" अशी पाटी स्वयंपाकघरावर लावायला काय हरकत आहे? तरी ते भिंतीवरच अडून राहिले आणि देखभालीला नाही म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. अवघड आहे, माहितीये मला.

प्रश्न : देणगीच्या पत्रकासाठी मुलांचे फोटो आणि त्यांच्या घरच्या कहाण्या वापराव्यात का? सल्लागार म्हणतो डोळ्यांत पाणी आलं की पाकीट उघडतं.

उघडत असेल. पण ते मूल पुढच्या उन्हाळ्यात परत येणार आहे, त्याचे मित्र ते पत्रक बघणार आहेत, आणि दहा वर्षांनी नेटवर नाव टाकल्यावर त्याला स्वतःलाच ते दिसणार आहे. पालकांची लेखी परवानगी ही तर किमान अट, आणि ती शिबिराच्या प्रवेश फॉर्ममध्ये खाली बारीक अक्षरात लपवायची नाही, वेगळ्या कागदावर घ्यायची, "नाही" म्हटलं तरी प्रवेश मिळेल असं स्पष्ट लिहून. मुलाला पण विचारायचं. पूर्ण नाव, शाळा, राहण्याची जागा, आजार, घरातली भांडणं, यातलं काही नाही. आणि सवलतीत आलेलं मूल कुठलं हे फोटोवरून ओळखू येता कामा नये, नाहीतर तीन आकड्यांचा फॉर्म छापून उपयोग काय झाला?

मला विचाराल तर रडवणाऱ्या कहाणीपेक्षा मूल काय करतंय ते लिहा. पाण्याला घाबरणारी मुलगी शेवटच्या दिवशी लाईफ जॅकेट घालून होडी वल्हवत होती, एवढं पुरतं, तिचे वडील काय करतात याच्याशी वाचणाऱ्याला काय देणंघेणं. आणि त्याच्याखाली तुम्ही काढलेला तो एका मुलाचा खरा खर्च छापा. एका मुलाचा आठवडा, अर्धा आठवडा, एक दिवस, ज्याला जे झेपेल ते.

प्रश्न : माझ्या मुलाच्या शिबिराने मुलांना कूपनं विकायला दिलीत, जो जास्त विकेल त्याला बक्षीस. आणि मी विचारलं की शिबिर सरळ मोफतच का नाही करत तर हसले.

बक्षिसाची भानगड मला अजिबात आवडत नाही. ज्याच्या घरी ओळखीपाळखी जास्त तो जिंकणार, आणि ज्याच्या आईला आधीच फी भरताना ओढाताण झाली ती उरलेली कूपनं स्वतःच विकत घेणार. तुम्ही सरळ चिठ्ठी लिहा की आमचा मुलगा यात नाही, त्यामुळे त्याला कशातून वगळू नये, आणि तुमच्यासारखे अजून दोन पालक मिळाले तर एकत्र सही करा. मुलांनाही हातभार लावायचाच असेल तर सगळ्यांनी मिळून काहीतरी करावं, एकत्र चालावं, शिबिराची बाग करावी, नंबर नकोत.

मोफतच्या प्रश्नावर हसण्यासारखं काही नव्हतं खरं तर. अभिनेते पॉल न्यूमन यांनी १९८८ मध्ये अमेरिकेत कनेटिकटला गंभीर आजारी मुलांसाठी होल इन द वॉल गँग कॅम्प सुरू केला तो कुटुंबांना पूर्ण मोफत आहे, त्यातूनच पुढे अशा शिबिरांचं आंतरराष्ट्रीय जाळं उभं राहिलं. पण न्यूमन यांनी १९८२ मध्येच खाद्यपदार्थांची कंपनी काढून तिचा सगळा नफा दानाला द्यायचं ठरवलं होतं, आणि आजही त्या शिबिराला देणगीदार लागतातच. मोफत म्हणजे एका मुलाचा खरा खर्च १०० धरला तर ते पूर्ण १०० दुसऱ्या कुणाकडून तरी आणायचे, दरवर्षी न चुकता. तुमच्या शिबिराकडे तसा आधार नसेल तर मोफत करून तिसऱ्या वर्षी बंद पडण्यापेक्षा फीचे तीन आकडे बरे.

प्रश्न : गिव्हिंग ट्यूसडेला, म्हणजे दरवर्षी एका ठरलेल्या मंगळवारी येणाऱ्या देणगी-दिवसाला, "आज दिलेली प्रत्येक देणगी दुप्पट होणार" असं टाकायचंय. एक दाता तयार आहे पण तो म्हणतो मी तर सगळे देणारच आहे, लोकांनी दिले न दिले तरी.

मग दुप्पट काय होणार? काहीच नाही, लोकांनी दिले काय न दिले काय त्याचे येणारच आहेत. असं टाकणं म्हणजे चक्क खोटं. एक तर त्या दात्याला खरी अट घालायला तयार करा, जितके जमतील तितकेच मी देईन आणि वरची मर्यादा अमुक, ती मर्यादा पण छापा. नाहीतर सरळ लिहा की एका हितचिंतकाने सुरुवात करून दिलीये, आता तुम्ही. हेसुद्धा चांगलं चालतं.

आणि त्या दिवसाचं फार मनावर घेऊ नका. २०१२ मध्ये न्यूयॉर्कमधून सुरू झाला तो, आता बऱ्याच देशांत पोचलाय, म्हणजे त्या मंगळवारी तुमच्या देणगीदाराच्या फोनवर मेसेजचा पूर आलेला असतो. दर महिन्याला थोडे थोडे देणारे जमवा, उन्हाळ्यानंतर जे कोरडे महिने येतात ते त्यांच्यावर निघतात.

प्रश्न : आम्ही पाच-सहा जण नव्याने शिबिर सुरू करतोय. आधी जमिनीसाठी निधी उभारावा का?

जमीन सगळ्यात शेवटी. न्यूयॉर्कमधला फ्रेश एअर फंड १८७७ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यांच्याकडे शिबिराची जागाच नव्हती, विलर्ड पार्सन्स नावाच्या पाद्रींनी पेनसिल्व्हेनियातल्या आपल्या छोट्या गावातल्या लोकांना सांगितलं की शहरातल्या गरीब मुलांना उन्हाळ्यात थोडे दिवस तुमच्या घरी ठेवून घ्या. संस्थेची स्वतःची शिबिरं नंतर झाली.

तुम्ही पण एखाद्या दुसऱ्या शिबिराची किंवा निवासी शाळेची जागा सुट्टीत एका आठवड्यासाठी भाड्याने घ्या, एकच बॅच, थोडी मुलं, आणि पहिल्या दिवसापासून हिशेबाची वही. दोन-तीन उन्हाळे असे काढल्यावर एका मुलाचा खरा खर्च तुमच्या हातात असेल, कुठले पालक परत येतात ते कळलेलं असेल, तुमच्या पाच-सहा जणांतले किती टिकतात तेही कळेल. जमिनीसाठी मागायला मग जा, आणि तेव्हाही जाहीर घोषणा करायच्या आधी निम्मी तरी रक्कम जवळच्या लोकांकडून कबूल करून घ्या, लेखी. सांभाळणाऱ्या माणसाचा पगार त्या बजेटमध्ये आत्ताच लिहून ठेवा.